बागेतले हिवाळी पाहुणे परत कधी गेले? शेवटची तारीख टिपण्याची पद्धत

हिवाळ्यात आलेला पक्षी पहिल्यांदा दिसला की तो दिवस आपोआप लक्षात राहतो. काल नव्हता, आज आहे. जाण्याचं तसं नसतं. ३० मार्चला लाल छातीचा माशीमार दिसला आणि ३१ला दिसला नाही, म्हणून तो गेला असं म्हणता येत नाही. कदाचित त्या सकाळी तो बागेच्या दुसऱ्या टोकाला असेल, कदाचित तुम्हीच घाईत असाल. तो खरंच गेला हे कळायला पुढचे आठ-दहा दिवस त्याच जागी जाऊन वहीत ‘दिसला नाही’ असं लिहावं लागतं. हे काम कंटाळवाणं वाटतं, म्हणून फार थोडे लोक ते करतात, आणि म्हणूनच येण्याच्या तारखांपेक्षा जाण्याच्या चांगल्या तारखा कमी मिळतात.

महाराष्ट्रात हा परतीचा काळ साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो. थिरथिरा आणि राखी धोबी लवकर निघतात, बरेचसे मार्च संपता संपता. लाल छातीचे माशीमार त्यांच्या मागोमाग. भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवे एप्रिलच्या मध्यानंतर विरळ होतात. हिरवट पर्ण वटवट्या एप्रिलच्या शेवटापर्यंत रेंगाळतो आणि ब्लाइथचा बोरू वटवट्या कधी कधी मे उजाडेपर्यंत कुंपणात ‘चक् चक्’ करत असतो. हा क्रम ढोबळ आहे. तुमच्या बागेचा क्रम तुम्हालाच शोधायचा आहे.

एकच बाग, एकच वाट

नवे पक्षी शोधायला रविवारी दूर जाणं आनंदाचं आहे, पण या कामाला ते उपयोगी नाही. घरापासून दहा मिनिटांत चालत पोचता येईल अशी बाग निवडा, म्हणजे आठवड्यातून तीनदा जाणं जमेल. बाग मोठी नसली तरी चालते. तिच्यात चार गोष्टी आहेत का ते बघा: दोन-तीन जुनी उंच झाडं (वड, पिंपळ, शिरीष, करंज), एखादा दाट, न छाटलेला झुडपांचा पट्टा किंवा कुंपण, झाडाखाली न झाडलेला पालापाचोळा आणि कुठेतरी ओल, मग ती गळक्या नळाची का असेना. नुसती हिरवळ आणि कातरलेली झुडपं असलेल्या देखण्या बागेत धोबी सोडला तर या पाहुण्यांपैकी फारसं कोणी टिकत नाही, कारण तिथे किडेच नसतात.

पहिल्या दोन खेपांत वाट ठरवून टाका. पाऊण ते एक किलोमीटर पुरे, आणि त्यावर पाच-सहा थांबे. प्रत्येक थांब्यावर पाच मिनिटं हालचाल न करता उभं राहायचं. पहिलं मिनिट वाया जातं, कारण तुमच्या येण्याने पक्षी गप्प झालेले असतात. ते पुन्हा बोलू लागतात तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला. सतत चालत राहणाऱ्याला वटवट्या दिसत नाहीत त्याचं मुख्य कारण हेच.

वाटेची दिशाही महत्त्वाची. सकाळी सूर्य पाठीशी ठेवून, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे चाला. उलट चाललात तर प्रत्येक पक्षी काळी सावली दिसेल आणि मग पंखावरची बारीक पट्टी, भुवई, पायांचा रंग यातलं काहीच सांगता येणार नाही.

सूर्योदयानंतर पंधरा मिनिटांनी सुरुवात करा आणि दीड ते दोन तासांत आटपा. हे छोटे पक्षी बहुतेक रात्री प्रवास करतात. उजाडताना उतरतात आणि पहिले दोन-तीन तास अधाशासारखे खातात. एप्रिलमध्ये साडेनऊनंतर ऊन तापलं की ते पानांच्या आत सरकतात. रात्री वळवाचा पाऊस झाला असेल तर दुसऱ्या दिवशीची सकाळ चुकवू नका. वाटेतले पक्षी अशा रात्री खाली उतरतात आणि नेहमीच्या शांत बागेत अचानक चार-पाच वटवटे एकाच झाडावर दिसू शकतात. याउलट धोबी आणि भोरडी दिवसाही प्रवास करतात, त्यामुळे त्यांच्यासाठी अधूनमधून आकाशाकडेही बघावं.

दुर्बीण: डोळा हलवायचा नाही

बागेसाठी ८ × ४२ सर्वात सोयीची. आठपट मोठं दाखवणारी आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलीमीटर. ४२ला ८ने भागलं की ५.२५ येतात, डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा हा व्यास, मिलीमीटरमध्ये. १० × ४२ मध्ये तो ४.२ होतो. सकाळच्या मंद उजेडात फरक जाणवतो, शिवाय हाताचा कंप जास्त दिसतो आणि दिसणारं वर्तुळ लहान होतं. पानांत सतत उड्या मारणाऱ्या ७-८ ग्रॅमच्या पक्ष्याला पकडायला मोठं वर्तुळ हवं, मोठं चित्र नव्हे. आणखी एक गोष्ट तपासा: दोन-अडीच मीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते का? कुंपणातला बोरू वटवट्या तितक्या जवळ येतो.

दुर्बीण एकदा नीट डोळ्यांना जुळवून घ्या. चष्मा घालत असाल तर डोळ्यांजवळच्या रबरी वाट्या आत, नसाल तर बाहेर. मग उजवं भिंग हाताने झाका, डाव्या डोळ्याने दूरची पाटी मधल्या चाकाने स्पष्ट करा. आता डावं झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. ही कडी पुढे हलवायची नाही. ‘दुर्बिणीतून डोकं दुखतं’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी हे केलेलं नसतं.

पक्षी दिसला की नजर त्याच्यावरच ठेवा आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणा. खाली बघून दुर्बीण उचलली आणि मग पक्षी शोधायला गेलात की तो हरवतो. सोबत कोणी असेल तर झाडाला घड्याळ समजून सांगा: ‘करंजावर, दोनच्या जागी, वाळक्या फांदीच्या टोकाशी’. उंच झाडाच्या थेट बुंध्याशी उभं राहून वर बघू नका. मान अवघडते आणि पक्ष्याचं फक्त पोट दिसतं. झाडाच्या उंचीइतकं मागे सरका.

कोण कुठे सापडतो

बागेला मजले आहेत असं समजा.

वरच्या मजल्यावर, पानांच्या गर्दीत, हिरवट पर्ण वटवट्या, म्हणजे ग्रीनिश वॉर्बलर. तो दिसण्याआधी ऐकू येतो: ‘चि-वी’, दोन तुकड्यांची चिरकी हाक, दर काही सेकंदांनी. शिंपीएवढाच, वर हिरवट राखाडी, खाली मळकट पांढरा, डोळ्यावर लांब फिकट भुवई. पुस्तकात पंखावर एक बारीक फिकट पट्टी दाखवलेली असते, आणि इथेच वसंतात घोटाळा होतो. पिसं झिजली की ती पट्टी पुसट होते, कधी पार नाहीशी होते. पट्टी नाही म्हणून तो दुसऱ्या जातीचा ठरवू नका. भुवई आणि हाक धरा. एप्रिलमध्ये तो निघण्याआधी गातो. चार-पाच सेकंदांची, भरभर, वर-खाली जाणारी ओळ. हे गाणं ऐकू आलं की वहीत वेगळी खूण करा, कारण गाणं सुरू होणं आणि बाग रिकामी होणं यात किती दिवस जातात हे दरवर्षी ताडून पाहण्यासारखं आहे.

पळस, पांगारा आणि काटेसावर फुलली असेल तर वरच्याच मजल्यावर भोरड्या असतील. गुलाबी मैना, पळसमैना ही त्यांचीच नावं. जानेवारीत मळकट दिसणारी भोरडी एप्रिलमध्ये झगझगीत गुलाबी-काळी दिसते, पण त्यासाठी ती नवी पिसं घेत नाही. पिसांच्या कडांना असलेली फिकट झालर झिजून पडते आणि खालचा रंग उघडा होतो. थिरथिऱ्याच्या नराचंही तसंच: छातीवरचा राखाडी धुरकटपणा झिजतो आणि मार्चमध्ये तो कोळशासारखा काळा, पोटाला तांबूस दिसू लागतो. एकाच पक्ष्याकडे जानेवारीपासून बघत राहिलात तर हा बदल आठवड्या-आठवड्याला पकडता येतो. वहीत ‘झालर अर्धी’ असं लिहिलं तरी पुढच्या वर्षी उपयोगी पडतं.

भोरड्यांचा थवा मोजायचा तर आधी दहा पक्षी नीट मोजा, ते थव्यातली किती जागा व्यापतात ते डोळ्यांत ठेवा आणि तेवढे तुकडे किती भरतात ते पाहा. सुरुवातीला सगळ्यांचाच अंदाज कमी येतो. सूर्यास्ताआधी अर्धा-पाऊण तास त्या रातथाऱ्याकडे जातात तेव्हा मोजणं सोपं, कारण सगळ्या एका दिशेने उडतात.

मधला मजला माशीमारांचा. जमिनीपासून दोन ते पाच मीटर, सावलीतली उघडी आडवी फांदी. लाल छातीचा माशीमार तिथे बसतो, पंख किंचित खाली सोडतो, शेपूट झटकन वर करतो. त्या क्षणी काळपट शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके दिसतात. मग जमिनीवर झेप, एक किडा, आणि परत त्याच किंवा शेजारच्या फांदीवर. हाक कोरडी, खडखडणारी, ‘ट्र्रर्र’. पांढरे ठिपके आणि खडखडाट एवढं पुरतं, नारिंगी गळ्याची वाट बघू नका. माद्यांना आणि कोवळ्या नरांना तो नसतोच, आणि बागेत दिसणारे बरेच पक्षी तसेच असतात. याचा जवळचा भाईबंद तैगा माशीमार पूर्वेकडे अधिक, पण अधूनमधून पश्चिमेकडेही सापडतो. त्याच्या नराचा गळा हिवाळ्यात फिका पडतो आणि वसंतात पुन्हा रंगतो. रंग गळ्यापुरताच आणि भोवती राखाडी किनार. लाल छातीच्या प्रौढ नराचा रंग हिवाळाभर टिकतो आणि छातीपर्यंत उतरतो. चोचीचा खालचा भाग फिकट असेल तर लाल छातीचा, पूर्ण काळी चोच आणि शेपटीवरची पिसं गडद काळी असतील तर तैगा.

खालचा मजला, म्हणजे कुंपण, घाणेरी, मेंदी, बोगनवेल. इथला पाहुणा ब्लाइथचा बोरू वटवट्या. खूणच नाही ही त्याची खूण: वर एकसारखा तपकिरी, खाली मळकट, लांब चोच, उतरतं कपाळ. तो क्वचितच उघड्यावर येतो. जिभेने टाळू वाजवल्यासारखी ‘चक्... चक्...’ ऐकू आली की कुंपणापासून तीन मीटरवर उभे राहा आणि कुंपणातल्या एखाद्या फटीवर दुर्बीण लावून ठेवा. तो कुंपणाच्या आतून सरकत सरकत त्या फटीत येतोच. पक्ष्याच्या मागे दुर्बीण फिरवली तर तो सतत एक पाऊल पुढे राहील. बाभळीवर मात्र हीच कडक ‘टक्’ ऐकू आली तर शुभ्रकंठी वटवट्या, म्हणजे लेसर व्हाइटथ्रोट असू शकतो. राखाडी डोकं, कानाजवळ गडद डाग आणि स्वच्छ पांढरा गळा बघून खात्री करा. बारमाही राहणारा राखी वटवट्या त्याच कुंपणात असतो, पण त्याची शेपूट लांब आणि उभी असते.

जमिनीवर धोबी. पोट पिवळं दिसलं की लगेच ‘पिवळा धोबी’ लिहिलं जातं, आणि बागेतल्या नोंदींमधली ही नेहमीची चूक. पाठ बघा. पाठ राखाडी, शेपूट फार लांब आणि पिवळेपणा शेपटीखाली सर्वात गडद, तर तो राखी धोबी. पिवळ्या धोब्याची पाठ हिरवट असते आणि तो उघडी ओलसर गवताळ जागा पसंत करतो.

कान आणि ॲप

मर्लिनसारखं ॲप आवाजावरून नाव सुचवतं. मदत म्हणून उत्तम, पुरावा म्हणून नाही. ‘चक्’ आणि ‘टक्’सारख्या एका ठोक्याच्या हाकांत ते गडबडतं, आणि जवळून गेलेला स्कूटर किंवा खारीचा आवाजही त्याला फसवतो. नाव आलं की थांबा, पक्षी बघा, मगच लिहा. स्वतः ध्वनिमुद्रण करत असाल तर फोन पक्ष्याकडे रोखून तीस सेकंद हात स्थिर ठेवा, तोंडाने काही बोलू नका आणि शेवटी तारीख, वेळ, थांबा सांगा.

पक्ष्याला बाहेर काढायला त्याचाच मुद्रित आवाज वाजवू नका. लांबच्या प्रवासाआधी चरबी साठवणाऱ्या पक्ष्याचा एकेक तास मोलाचा असतो, आणि तो खाणं सोडून नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला शोधत बसतो. याच दिवसांत शिंपी, बुलबुल, शिंजीर यांची घरटी असतात. चोचीत किडा धरून एखादा पक्षी तुमच्याकडे बघत ओरडत असेल तर तुम्ही घरट्याच्या फार जवळ आहात. दहा पावलं मागे या, तो घरट्याकडे जाऊ लागेल.

वही

प्रत्येक खेपेला वर चार गोष्टी: तारीख, सुरू केल्याची वेळ, किती मिनिटं, किती अंतर. खाली जातवार आकडे. ‘बरेच’, ‘थोडे’ नको. अंदाज असला तरी आकडा लिहा. आणि घरी येण्याआधी, बागेतच लिहा.

मग दुसरं पान, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. आडव्या ओळींत सहा-सात पाहुण्यांची नावं, उभ्या रकान्यांत खेपांच्या तारखा. प्रत्येक चौकोनात आकडा किंवा शून्य. रिकामा चौकोन ठेवायचा नाही: शून्य म्हणजे शोधला आणि नव्हता, रिकामा म्हणजे काहीच कळत नाही. लागोपाठ चार खेपा शून्य आलं, त्या चारही खेपा नेहमीच्या वेळी आणि नेहमीइतक्याच लांबीच्या असल्या, आणि त्या किमान आठवडाभरात पसरलेल्या असल्या, तर शेवटच्या आकड्याच्या तारखेभोवती वर्तुळ करा. दोन खेपांमध्ये पाच दिवसांचं अंतर पडलं असेल तर तेही लिहा, कारण खरी तारीख त्या पाच दिवसांत कुठेही असू शकते. मार्चनंतर आठवड्याला तीन खेपा हव्यात त्या याचसाठी. वर्तुळ केल्यावर पक्षी पुन्हा दिसला तर खोडू नका. तो बहुधा आणखी दक्षिणेकडून वर येताना थांबलेला वेगळा पक्षी असेल. बाजूला ‘पुन्हा’ लिहून तारीख टाका.

ओळख पटली नाही तर ‘पर्ण वटवट्या, जात नक्की नाही’ असं लिहा. ही नोंद कमी दर्जाची नाही. चुकीचं नाव लिहिलं तर मात्र शेवटची तारीखच चुकते, कारण २० एप्रिलला चुकून लिहिलेला एक माशीमार तीन आठवड्यांचा फरक पाडतो.

२००७ साली भारतात मायग्रंटवॉच हा उपक्रम सुरू झाला तो स्थलांतरी पक्ष्यांच्या तारखा सामान्य निरीक्षकांकडून गोळा करण्यासाठीच. पुढे त्या नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळात सामावल्या गेल्या, आणि आज तुमची यादीही तिथेच टाकता येते. यादी भरताना ‘दिसलेले-ओळखलेले सगळे पक्षी लिहिले का’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणता येईल अशीच यादी करा, म्हणजे कावळे, कबुतरं, साळुंक्या धरून. तसं असलं तरच यादीत नसलेला पक्षी खरोखर नव्हता असं मानता येतं. सुरुवातीसाठी फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस चालणारा ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, म्हणजे सामान्य निरीक्षकांची पक्षीगणना, सोयीचा आहे. तेव्हा बहुतेक पाहुणे अजून हजर असतात.

पाणी

मार्चनंतर बागेत एक उथळ भांडं ठेवलं तर झाडावर तासभर न दिसणारा वटवट्या दहा मिनिटांत खाली येतो. खोली मध्यभागी पाच सेंटिमीटरहून जास्त नको, कडेला दोन. तळ खरबरीत हवा. चकचकीत स्टील किंवा गुळगुळीत प्लास्टिकवरून पाय घसरतात आणि पक्षी परत येत नाही. मध्ये एक चपटा दगड. झुडपापासून दीड-दोन मीटर लांब ठेवा, म्हणजे दबा धरलेलं मांजर आधी दिसेल आणि झुडूपही एका झेपेच्या अंतरावर राहील. पाणी रोज बदला आणि भांडं घासा. नुसतं वरून भरत राहिलात तर डासांची अंडी कडेला चिकटून राहतात, आणि आजारी पक्ष्याची विष्ठा पाण्यात राहिली की रोग इतरांना लागतो. बागेच्या माळ्याला सांगून ठेवा. त्याला पटलं तर सुटीच्या दिवशीही पाणी बदललं जातं. पाण्यावर वर्दळ दहा-अकराच्या सुमारास आणि दुपारी चारनंतर.

मे महिना

पाहुणे गेल्यावर बाग रिकामी वाटते तेव्हाच नवरंग येतो. तो दक्षिणेत आणि श्रीलंकेत हिवाळा काढून पावसाळ्यात वीण घालायला वर येतो, तोही रात्री उडतो, आणि शहरात दमून किंवा काचेवर आपटून जमिनीवर, गॅलरीत, जिन्यात सापडतो. हिरवी पाठ, डोळ्यावर काळा पट्टा, बुडाशी लाल. सापडला तर पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, तळाशी सुती कापड घाला, त्यात ठेवून झाकण लावा आणि अंधाऱ्या शांत खोलीत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. खायला घालू नका, फोटोसाठी झाकण उघडू नका. तास-दोन तासांनी तो आत हालचाल करू लागला आणि बाहेर उजेड असला, तर खोकं जवळच्या दाट झाडीत नेऊन उघडा; रात्री सापडला असेल तर उजाडेपर्यंत थांबा. पंख लोंबत असेल किंवा उभं राहता येत नसेल तर वनविभागाला किंवा प्राणी वाचवणाऱ्या स्थानिक संस्थेला लगेच कळवा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानपक्षी घरी ठेवून घेता येत नाही.

वहीचं पान मात्र मेमध्ये बंद करू नका. भोरड्या जुलै-ऑगस्टमध्येच परतू लागतात, राखी धोबी त्यांच्या मागून, आणि त्या वेळी वाट, थांबे आणि मिनिटं हीच ठेवलीत तर एकाच पानावर दोन्ही तारखा येतील.